कोणत्या जगात जायचे?

विदर्भात नवतपा सुरू झाला की शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये, असा वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. मे महिन्याच्या अखेरच्या त्या नऊ दिवसांत आमचे भिवापूर दुपारी अकरापासूनच ओस पडते. मिरचीचा हंगाम उलटून गेलेला असतो. सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायांची वर्दळ थांबलेली असते आणि परगावच्या पाहुण्यांना खोकत ठेवणारी हवेतली ती तिखट धूळही खाली बसलेली असते. अशा वेळी कुलरसमोर चटई टाकावी, कैरीचे पन्हे प्यावे आणि देवाचे नाव घेत संध्याकाळची वाट पाहावी, एवढेच माणसाच्या हाती उरते.

२०२४ च्या नवतप्यात मात्र आमच्या घरी त्या चटईवर चार डोकी एकत्र बसून एका जगाची निवड करीत होती. जग म्हणजे अक्षरशः जग. त्यातले पर्वत, नद्या, राजे, देव आणि मेल्यावर माणसाचे काय होते याचा नियम, हे सगळे त्यात आले. चारांपैकी एक डोके आमचे होते, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. कारण ते आता बरेच पांढरे झाले आहे. दुसरे आमच्या चिरंजीवांचे; ते पुण्याला अभियांत्रिकी शिकतात आणि सुटीत घरी येताना धुण्याच्या कपड्यांबरोबर काही ना काही नवे खूळ घेऊन येतात. उरलेली दोन डोकी आमच्या धाकट्या भावाच्या मुलांची, पुतणी पंधरा वर्षांची आणि पुतण्या दहा वर्षांचा. दोघेही दर उन्हाळ्यात नागपूरहून आमच्याकडे येतात. भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याविषयी पुढे येईलच.

चिरंजीवांनी आणलेल्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. म्हटले तर हा टेबलावर बसून खेळण्याचा खेळ, म्हटले तर नाटक. एकजण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला तळघराचा स्वामी अशा अर्थाचे भयंकर नाव आहे. आम्ही आपला रंगभूमीवरचा शब्द वापरला आणि मुलांनीही तो उचलला. सूत्रधार सांगतो, “तुम्ही घाट उतरून आला आहात, समोर नदी आहे, नावाडी झोपलेला आहे.” बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. आपले पात्र आता काय करणार, ते ज्याने त्याने बोलून दाखवायचे. ते साधेल की नाही याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. लिहिलेली संहिता नाही, प्रेक्षक नाहीत आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर राहून लहानपणी दंडारी पाहिलेल्या आमच्यासारख्याला यात फारसे परके वाटले नाही. सूत्रधाराचे काम मुलांनी आमच्याच गळ्यात घातले. कारण काय, तर “मोठे बाबा गोष्ट सांगताना मध्येच झोपत नाहीत.”

खेळ १९७४ सालचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्या साथीने तो रचला आणि पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती काढल्या. पुढे तो जगभर गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्यावरचा आरोपही गेला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ पालक आणि धर्मोपदेशक हा खेळ सैतानपूजा शिकवतो असे म्हणू लागले. ओरड इतकी झाली की १९८९ च्या आवृत्तीत प्रकाशकांनी सैतान आणि राक्षस यांची नावेच बदलून टाकली. ही वार्ता आमच्या सौभाग्यवतींपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे; पण त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून स्पष्ट बजावले की, संध्याकाळी जपमाळ होणाऱ्या घरात असले काही चालणार नाही. आम्ही पुस्तके चाळली. १९७४ च्या मूळ पुस्तकातील सामानाच्या यादीत दोरी, मशाल यांच्याबरोबर लाकडी क्रूस आणि चांदीचा क्रूसही विकत मिळत असे, हे त्यांना सांगितले. क्रूस विकत मिळतो याने त्यांचे समाधान होण्याऐवजी उलटच झाले.

अखेर आम्ही परिचयाच्या एका फादरांना दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “त्या जगात देवाची जागा कोणाला दिली आहे, ते पाहिलेत का?” आम्ही पाहिले नव्हते. तेव्हा जगाची निवड हा या खेळातला पोरकट भाग नसून सर्वांत गंभीर भाग आहे, हे प्रथम आमच्या ध्यानात आले.

तयार जगे पुष्कळ आहेत. चिरंजीवांचा ओढा ‘फर्गॉटन रेल्म्स’ नावाच्या जगाकडे होता. ते एड ग्रीनवूड या कॅनडातील गृहस्थांनी लहानपणीच, १९६७ च्या सुमारास, आपल्या गोष्टींसाठी कल्पिले. पुढे ते ग्रंथालयात नोकरीला लागले आणि १९८७ मध्ये ते जग खेळासाठी छापले गेले. त्यात गावे, रस्ते, खानावळी, राजवंश, सगळे आधीच लिहून ठेवलेले. सूत्रधाराला श्रम नाहीत, हा चिरंजीवांचा मुद्दा. पण तिथे देवांची एवढी गर्दी की फादरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर वेगळी वहीच घालावी लागली असती. दुसरे एक जग १९९१ चे, ‘डार्क सन’. तिथे सूर्य काळवंडलेला, सगळीकडे वाळवंट आणि घोटभर पाण्यासाठी खून. नवतप्यात भिवापुरात बसून पुस्तकातले वाळवंट कोण निवडील? ते आम्ही पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला सारले.

पुतण्याचे जग ठरलेले होते. त्याला ‘एबेरॉन’ हवे होते. प्रकाशकांनी २००२ मध्ये नव्या जगासाठी स्पर्धा जाहीर केली, अकरा हजारांहून अधिक कल्पना आल्या, त्यांतून कीथ बेकर यांची निवडली गेली आणि २००४ मध्ये ते जग प्रसिद्ध झाले. या इतिहासाशी पुतण्याला काही देणेघेणे नव्हते. त्या जगात विजेच्या बळावर धावणारी आगगाडी आहे, हे त्याला पुरेसे होते.

गाडीचे कारण आम्हांला ठाऊक होते. नागपूर–नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आमच्या गावावरून जात असे. रुंद रूळ टाकण्यासाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. बंद होण्यापूर्वी भावाने मुद्दाम रजा काढून दोन्ही मुलांना इतवारीहून तिच्यात बसवून भिवापूरला आणले. पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता. वडिलांच्या मांडीवर बसून खिडकीतून शेते पाहिल्याचे त्याला आठवते. आमच्या आठवणी आणखी जुन्या. भाऊ कॉलेजसाठी नागपुरात खोली घेऊन राहत असे, तेव्हा आमची आई सकाळच्या गाडीने ओळखीच्या गार्डाबरोबर त्याचा डबा पाठवी आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत येई. क्वचित डब्यात चिठ्ठी असे. बहुधा नसेच. घासलेला डबा परत आला की मुलगा जेवला, एवढे आईला समजे.

पुतणीने मात्र टोल्कीनच्या ‘मिडल-अर्थ’चा, त्या मधल्या भूमीचा हट्ट धरला. तिने ती जाडजूड पुस्तके दोनदा वाचली आहेत आणि लेखकाचे चरित्रही. जॉन रोनाल्ड टोल्कीन १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफोंटेन येथे जन्मले. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आईने १९०० मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला. त्यामुळे नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. आणि १९०४ मध्ये तीही गेली. तेव्हा रोनाल्ड बारा वर्षांचे होते. बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्या दोघा भावांचे पालकत्व पत्करले. पुतणीने हे सारे आम्हांला एका दमात सांगितले आणि “बारा वर्षांचे” या शब्दांपाशी क्षणभर थांबली. २०२१ मध्ये तीही बारा वर्षांची होती.

फादरांच्या प्रश्नाला टोल्कीनच्या जगात उत्तर होते. तिथे सर्वांचा निर्माता एकच आहे. बाकीचे थोर आत्मे त्याने घडवलेले. गंमत अशी की गोष्टीत देऊळ नाही, पुरोहित नाही, उपासना जवळजवळ नाहीच. १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला लिहिलेल्या पत्रात टोल्कीन म्हणतात की, हे लेखन मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे आणि म्हणूनच त्यांनी त्यातून धर्माचा वरवरचा उल्लेख काढून टाकला. तो कथेतच मुरलेला आहे. ज्या दिवशी त्या कथेतील दुष्ट अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च आहे. हे आम्ही सौभाग्यवतींना सांगितले. देवदूताने मरियेला निरोप दिल्याच्या सणाची तारीख ऐकताच त्यांचा चेहरा निवळला. त्या दिवशी प्रथमच पन्ह्याबरोबर शंकरपाळेही बाहेर आले.

तेव्हा निवड झाल्यातच जमा होती. पण पुतण्या नियमांचे पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्याला त्यात एक मंत्र सापडला. मृत माणसाला उठवण्याचा.

खेळात तो मंत्र फार बारकाईने मांडलेला आहे. पाचशे सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा लागतो आणि मरण येऊन दहा दिवसांहून अधिक काळ झालेला नसावा. हजार मुद्रांचा हिरा असेल तर शंभर वर्षांपर्यंत मुदत मिळते; पंचवीस हजारांचे हिरे असतील तर दोनशे वर्षांपर्यंत. हिरा मंत्रात खर्ची पडतो. दुकानातील दरपत्रक वाचावे तसे पुतण्याने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाला, “मोठे बाबा, मिडल-अर्थमध्ये हा मंत्र आहे?”

“नाही,” पुतणी म्हणाली.

“गँडाल्फ परत येतो की!”

“तो माणूस नाहीये. आणि त्याला परत पाठवतात. कोणी विकत आणत नाही.”

“लाझरस तर माणूस होता. चार दिवस झाले होते. म्हणजे दहाच्या आतच.”

“येशूने मार्थेकडे हिरा मागितला होता का?”

आम्हांला हसू आले आणि लगेच ते मावळले, कारण पुतण्याने आमच्याकडे वळून विचारले, “पप्पांच्या वेळी आपल्याकडे पैसे नव्हते का?”

वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो एप्रिल येऊन गेला असेल, म्हणून फार लिहीत नाही. नागपुरात खाटा भरल्या होत्या; प्राणवायूची टाकी आणि एक विशिष्ट इंजेक्शन यांच्यासाठी माणसे रात्रभर शहर पालथे घालीत होती. आमच्याजवळ पैसे होते. ते खिशात घेऊन आम्ही दोन रात्री दारोदार फिरलो. घ्यायला कोणी तयार नव्हते. खाट मिळाली तेव्हा उशीर झाला होता. दफनाला आम्ही चौघे होतो आणि पेटी बंद होती. मुलांनी वडिलांना पाहिले नाही. महिन्याचा मिस्सा झाला तोही मोबाइलच्या पडद्यावर. हे सारे पुतण्याला कोणी सविस्तर सांगितलेच नव्हते, असे त्या दुपारी आमच्या लक्षात आले. तीन वर्षे तो मुलगा मनाशी काय हिशेब मांडीत होता?

आम्ही त्याला सांगितले. पैसे होते, आणि त्यांचा उपयोग झाला नाही, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुतणीने नियमांचे पुस्तक मिटले आणि म्हणाली, “ज्या जगात हिरेवाल्यांचेच वडील परत येतात, तिथे मी खेळणार नाही.” पुतण्या म्हणाला, “आणि जिथे मंत्रच नाही, तिथे मी.” चिरंजीव, जे एरवी प्रत्येक गोष्टीत नियम दाखवतात, ते उठून कुलरमध्ये पाणी भरायला गेले.

दोन दिवस खेळाचे नाव कोणी काढले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्यापूर्वी आम्ही मुलांना जुन्या स्टेशनाच्या बाजूला फिरायला नेले आणि वाटेत फादर स्टीफन्स यांची गोष्ट सांगितली. हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले ते १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी कानाला गोड लागेल असे काही आलेले नव्हते. युरोपातील एखादे पुस्तक भाषांतरित करून देणे सोपे होते. फादरांनी तसे केले नाही. ते इथली भाषा शिकले, इथला ओवीछंद शिकले आणि उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठी पुराणाच्या घाटात दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. कथा बेथलेहेमची, पण ऐकणाऱ्याला ती आपल्या अंगणात घडल्यासारखी वाटावी, असे जग त्यांनी तिच्यासाठी निवडले.

“म्हणजे जग आपणच करायचे?” पुतणीने विचारले.

“पण भिवापुरात आहे काय?” चिरंजीव म्हणाले. “ना किल्ला, ना ड्रॅगन.”

परत आल्यावर आम्ही जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून पसरले. काय आहे ते एकेक करून पडू लागले. पूर्वेला वैनगंगा. नदीकाठची पवनी, तिथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले आणि जुन्या तटाची वेस अजून उभी आहे. चिरंजीवांचा किल्ल्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. त्याच नदीवरचा गोसेखुर्दचा बांध. १९८८ मध्ये पायाभरणी झाली आणि पुढे पाणी चढले तशी गावे उठली. पाण्याखाली गेलेल्या गावाइतके अद्भुत स्थळ कोणत्या तयार पुस्तकात सापडणार होते? ज्यांची घरे गेली त्यांना त्यात अद्भुत काही वाटत नाही, हे आम्ही मुलांना बजावले. तेव्हा पुतणीने आपले पात्र त्याच गावचे घेतले. पात्राच्या कमरेला घराची किल्ली आहे, घर नाही.

मग वाघ. उमरेड–कऱ्हांडला अभयारण्यातला ‘जय’ पाहायला एके काळी दूरदूरचे लोक येत. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून स्वतःच चालत इकडे आला. गळ्यात बसवलेल्या पट्ट्याचे संकेत एप्रिल २०१६ मध्ये थांबले आणि त्यानंतर त्याचे काय झाले ते कोणाला कळले नाही. ड्रॅगनची जागा चिरंजीवांनी त्यालाच दिली. त्याला मारायचे नाही, फक्त माग काढायचा, असे एकमताने ठरले. नाण्यांऐवजी वाळलेली मिरची चालेल, असेही ठरले. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची भिवापुरी मिरची त्या जगात तरी मोलाची ठरो. देव एकच, त्याचे चित्र काढायचे नाही आणि त्याच्या तोंडी सूत्रधाराने वाक्ये घालायची नाहीत. फादरांना आम्ही हे कळवले. ते म्हणाले, “सूत्रधाराची सुटका केलीत.”

गाडी अर्थात आलीच. पुतण्याने स्वतः रूळ आखले. इतवारी, उमरेड, भिवापूर, नागभीड. पेन्सिल नागभीडला थांबली नाही. पानाच्या कडेपर्यंत रेघ नेऊन तिथे त्याने एक स्टेशन काढले आणि नाव दिले नाही.

“इथे मेलेली माणसे उतरतात,” तो म्हणाला. “आपल्याला जाता येत नाही. तिकीटच मिळत नाही.”

“आणि त्यांना परत येता येते?” पुतणीने जरा कडकच विचारले.

“नाही.” तो बराच वेळ रेघ गिरवीत राहिला. “पण डबा पाठवता येतो. गार्डाजवळ द्यायचा.”

डब्याची गोष्ट त्याने आमच्याकडूनच कधीतरी ऐकली असणार. पुतणीने आमच्याकडे पाहिले. दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, मिस्सा मागतो. त्या प्रार्थना पोहोचतात असे आपण मानतो आणि पोहोच मागत नाही. ती म्हणाली, “उत्तर येणार नाही हं.”

“ठाऊक आहे. पण डबा रिकामा परत येईल.”

यावर तिने काही आक्षेप घेतला नाही. ती स्वतःच पान आपल्याकडे ओढून त्या स्टेशनापाशी छोटेसे झाड काढू लागली.

पहिला डाव त्याच संध्याकाळी जपमाळेनंतर सुरू झाला. सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. थोड्या वेळाने खुर्ची घेऊन बसल्या. आम्ही सांगितले की पहाट झाली आहे, भिवापूरच्या फलाटावर धुके आहे, छोटी गाडी येऊन उभी आहे आणि गार्ड हिरवा बावटा काढतो आहे. पुतण्याचे पात्र धावत गेले. डबा वेळेवर गार्डाच्या हाती पडतो की नाही यासाठी चिरंजीवांनी नियमाप्रमाणे फासा पुढे केला. पुतणीने तो उचलून आपल्या मुठीत धरला आणि म्हणाली, “याला फासा नाही.”

मग तिने भावाला विचारले, डब्यात काय काय ठेवले आहेस. त्याने बोटे मोजली. पोळ्या, वांग्याची भाजी, गुळाचा खडा. सौभाग्यवतींनी मागून सुचवले, “थोडा ठेचा ठेव रे, मिरचीचा.”

“नको, मोठी आई,” तो म्हणाला. “पप्पांना तिखट चालत नव्हतं.”